नाव न घेता

शाळेतून चिठ्ठी आली त्या दिवशी सकाळीच मी त्रेचाळीस मेलेले पक्षी उचलले होते. आमच्याकडे कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. उन्हाळा असा पेटला होता की दहा वाजताच पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि शेडमधले चार हजार पक्षी चोची उघड्या टाकून धापा टाकत बसलेले. मेलेला पक्षी पायाला धरून उचलायचा, बादलीत टाकायचा, बादली भरली की मागच्या खड्ड्यात ओतायची आणि वरून चुना. उन्हानं मेलेला पक्षी बघता बघता फुगतो. कधी नुसता पाय हातात येतो आणि पक्षी खालीच राहतो. चौदा वर्षं हेच करतेय, पण त्या वेळी अजूनही तोंडाला पाणी सुटतं. ओकारीचं.

हे आत्ता बोलतेय. तेव्हा बोलायची सोय नव्हती. आमच्या घरात 'वास' हा शब्दच बंद होता. लग्नानंतर पहिल्यांदा शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मी नाकाला फडकं लावलं, तर नवऱ्यानं ते हळूच सोडवलं. रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "ज्याच्यावर पोट आहे त्याला नाव ठेवायचं नाही." संपलं. तेव्हापासून डोळे चुरचुरोत, नाक गळो, आम्ही एकमेकांना म्हणणार, "आज हवा जड आहे हं." पक्ष्यांखालची भुश्याची गादी दाताळ्यानं खालीवर करताना खालून जो भपकारा येतो ना, तो माणसाला उभ्या उभ्या रडवतो. तरी हवाच जड.

राहायला शेडच्या भिंतीला लागून दोन खोल्या. मी, नवरा आणि आमची बारकी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बारकी. आता तेरा वर्षांची, माझ्या कानाला लागते.

चिठ्ठीत दोन ओळी. मुलगी दोन महिन्यांत सतरा दिवस गैरहजर, पालकांनी भेटावं.

सतरा दिवस? मला धक्का बसला असं नाही म्हणणार मी. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. दप्तर पाठीला लावलं की दुखायचं, दप्तर उतरवलं की थांबायचं. मी काढा देऊन बघितला, ओरडून बघितलं. वर आणखी एक खूळ होतं, साबणाचं. नवी वडी आणावी आणि चौथ्या दिवशी तिची पापडी व्हावी. शेवटी एकदा मी विचारलं, "साबण खातेस का गं?" तिनं हात पाठीमागे नेले. मी एक ठेवून दिली. हात तिच्या गालाला लागला तशी ती मागे सरकली आणि बाहीनं गाल पुसत राहिली, पुसत राहिली. मार खाल्लेलं पोर गाल चोळतं. ही पुसत होती. माझ्या मठ्ठ डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही.

त्याच रात्री बाही वर गेली आणि मला दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत साल निघालेली. भांड्यांच्या घासणीनं घासलेलं होतं. कुठे ओलं, कुठे खपली धरलेली. "हे काय गं?" म्हटलं तर म्हणे, "खाज सुटते."

नवऱ्याला सांगितलं. तो खाद्याचं पोतं शिवत होता, मान वर न करता म्हणाला, "शाळा झेपत नसेल तर नको. पुढच्या बॅचचे पक्षी आले की येऊ दे शेडवर. मालक माणूस शोधतोच आहे."

"तेरा वर्षांची आहे ती."

"मी नऊचा होतो."

झालं! त्याच्या नऊ वर्षांपुढे कोणाचं काही चालत नाही. पण मी त्या दिवशी मनाशी घट्ट ठरवलं, काही झालं तरी ही बादली हिच्या हातात जाऊ द्यायची नाही. शाळा सुटली की बादली आली, मधे दुसरं काही नाही. म्हणून मी शाळेत गेले.

गेले तीसुद्धा अर्ध्या कामातून. लस टोचायला माणूस येणार होता, त्याच्या आत परतायचं होतं. हात धुतले, तोंड धुतलं, कपडे तेच. मोठ्या सरांच्या खोलीत शिरले आणि वर्गाच्या बाई उठून खिडकी उघडायला गेल्या. खिडकी उघडीच होती. मग त्यांनी पंख्याचं बटण फिरवलं, जेवढं फिरत होतं तेवढं. मोठ्या सरांनी मला बसा म्हटलं आणि स्वतःची खुर्ची जरा मागे घेतली. मी बसले नाही. खुर्ची कापडी होती. मी गेल्यावर ती बाहेर उन्हात टाकतील हे मला दिसत होतं, आणि तेवढा तमाशा मला नको होता.

"तुमच्या मुलीचं लक्ष नाही," बाई म्हणाल्या. "कोणात मिसळत नाही."

"कोणी मिसळू देतं का?" मी विचारलं.

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "बघा, आमची शाळा आता आनंदी शाळा या उपक्रमात आहे. मुलांच्या मनाची काळजी आम्ही घेतो. दर गुरुवारी एक ताई येतात. मुलीला त्यांच्याकडे पाठवू. फक्त तुमची संमती लागेल."

त्यांनी कागद पुढे केला. बारीक अक्षर, दोन पानं. मला वाचता येतं, सातवीपर्यंत शिकलेय मी. पण बाहेर ऊन चढत होतं, तो लसवाला येऊन खोळंबला असता, आणि त्या खोलीत माझं असणं त्या दोघांना किती जड जातंय ते दर श्वासाला कळत होतं. खोटं कशाला बोलू, मलाच तिथून सुटायचं होतं. केली सही. कागदावर माझ्या अंगठ्याचा डाग उठला. सरांनी तो कागद दोन बोटांनी, कोपरा धरून उचलला.

जाताना गुरुवारच्या ताई व्हरांड्यात भेटल्या. कोवळी पोर, चोवीस-पंचविशीची. खिडकी-पंख्याचं काही केलं नाही तिनं, सरळ माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "काळजी करू नका. ती जे बोलेल ते माझ्या खोलीतच राहील." मला भडभडून आलं. चौदा वर्षांत माझ्याशी इतक्या जवळ उभं राहून कोणी बोललं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर फरक पडला. पहिल्या गुरुवारी बारकी गप्पच होती. दुसऱ्या गुरुवारी घरी येऊन दोन वेळा मागून जेवली. हातावरच्या खपल्या वाळायला लागल्या, साबण आठवडाभर पुरला. तिसऱ्या गुरुवारी तर चक्क हसली. मी शेडचे गोणपाटाचे पडदे भिजवत होते, पाय घसरला आणि पाइपासकट बदाबद खाली आले, तशी ती दारात उभी राहून खी खी करून हसली. मला एवढा आनंद झाला की मी मुद्दाम आणखी थोडा वेळ चिखलात बसून राहिले.

"काय बोलता गं तुम्ही दोघी?" मी एकदा विचारलं.

"असंच."

"माझ्याबद्दल बोलतेस?"

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आई, ते खोलीतलं आहे."

"बरं बाई, राहू दे खोलीत," मी म्हटलं. मनात म्हटलं, पोरीला एक जागा मिळाली, बास झालं.

नवऱ्याला मी सुनावलंसुद्धा, "बघितलंत? शाळा झेपते तिला." तो म्हणाला, "बघू बॅच संपेपर्यंत." बॅच संपायला बारा दिवस होते.

मग शनिवारी पालकांची सभा आली. शाळेला आनंदी शाळेचं प्रशस्तिपत्र मिळणार होतं, वरून कोणी साहेब येणार होते. या वेळी मी सकाळीच अंघोळ केली, डोक्यावरून तीनदा, ठेवणीतले कपडे घातले. बारकीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतेस." एवढंच. मी सगळ्या रस्ताभर तेच घोळवत होते.

सभागृहात पुढे पोरं खाली सतरंजीवर, मागे पालक खुर्च्यांवर. माझ्या शेजारी शिंपीण बसली होती, पलीकडे दूधवाला. भिंतीवर पिवळे हसरे चेहरे चिकटवलेले, ताटाएवढे. साहेब आले, टाळ्या झाल्या, पोरांनी 'आम्ही आनंदी' म्हणून एक गाणं म्हटलं. आनंदी दिसा, आनंदी दिसा, असं बाई बाजूला उभ्या राहून ओठ ताणून खुणावत होत्या. मग मोठे सर कागद घेऊन उभे राहिले.

"आपला उपक्रम कसा खोलवर पोचतो, याचं एक उदाहरण सांगतो," ते म्हणाले. "नाव अर्थातच घेणार नाही. गोपनीयता आपण काटेकोर पाळतो. आपण तिला विद्यार्थिनी क्रमांक एक म्हणू."

सरांनी चष्मा नीट केला.

"वय तेरा. पालक कोंबड्यांच्या शेडवर मजूर."

गावात शेड एक. शेडवर मजूर दोन. त्या दोघांना पोर एक. सभागृहातली झाडून सगळी डोकी मागे वळली, आणि मग पुढे वळून सतरंजीवर बारकीला शोधायला लागली. सरांनी कागदातून मान वर केली नाही. त्यांना खरंच वाटत होतं की नाव झाकलं म्हणजे पोर झाकली.

"वर्गातली मुलं तिला खुराडं म्हणतात," सर वाचत होते. पोरांतून दबकं हसू आलं. "तिच्या बाकावर कोणी बसत नाही. ती स्वतःला घासणीनं घासते. तिसऱ्या भेटीत विद्यार्थिनीनं मन मोकळं केलं. तिचे शब्द असे: मला आईची किळस येते. ती जवळ झोपली की मला झोप येत नाही. तिनं वाढलेलं मी तिची पाठ वळली की मांजराला घालते. तिनं हात लावला की मी धुऊन टाकते. मी वाईट मुलगी आहे. आईला सांगू नका."

*आईला सांगू नका.* हे त्यांनी वाचलं. माईकवर. ठसक्यात, थांबून, चांगला आवाज लावून.

शेजारच्या शिंपिणीनं खुर्ची सरकवली. मुद्दाम नसेल, पण सरकवली. मी तीनदा अंघोळ करून आले होते. साबणाचा वास येत होता माझ्या अंगाला, मला स्वतःला येत होता, तरी सरकवली. मला तिचा राग आला नाही. मला समोर बारकीची पाठ दिसत होती. ती वळून माझ्याकडे बघत नव्हती. तिची मान अशी खाली गेली होती की नुसती वेणी दिसत होती, आणि आजूबाजूची पोरं इंच इंच मागे सरकत होती. तिच्याभोवती सतरंजी रिकामी झाली.

"सध्या विद्यार्थिनीत लक्षणीय सुधारणा आहे," सर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. साहेबांनी मान डोलावली. प्रशस्तिपत्राची काच चमकली, फोटो निघाला.

मी उठले ती सरळ पुढे गेले. कोणी अडवलं नाही. माझ्यासाठी वाट आपोआप होते, हा एक फायदा आहे.

"सर," मी म्हटलं, "ती तुमच्याशी बोलली होती का हे?"

"तुमचा गैरसमज होतोय. मी नाव घेतलेलंच नाही."

"माझी पोर इथं बसलीय. मी इथं उभी आहे. आणखी कोणाचं नाव घ्यायचं राहिलं होतं?"

सर आवाज खाली आणून म्हणाले, "अहवालाचा शैक्षणिक उपयोग करण्यास हरकत नाही, असं संमतीपत्रात आहे. दुसऱ्या पानावर. तुमची सही आहे."

माझी सही. अंगठ्याच्या डागासकट. यांच्या खुर्चीला आपला वास लागू नये म्हणून मी घाई केली आणि पोर विकून आले. मला त्या माणसाची, त्याच्या त्या स्वच्छ कॉलरची, त्याच्या गोपनीयतेची अशी शिसारी आली की तेवढी त्या खड्ड्यातल्या आळ्यांचीसुद्धा कधी आली नव्हती. आळ्या निदान मेलेलं खातात. तोंडात थुंकी जमली होती. थुंकले नाही, कारण ती फरशी पुसायला कोणीतरी बाईच येणार होती.

गुरुवारच्या ताई दाराशी उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. "मी फक्त अहवाल दिला होता," त्या म्हणाल्या. "द्यावाच लागतो. ते असं वाचतील असं मला..."

"खोलीतच राहील म्हणाला होतात."

"हो," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. त्यांना गप्प करायला मला वेळ नव्हता. बारकी केव्हाच बाहेर पडली होती.

ती मला रस्त्यावर गाठता आली, ओढ्याच्या अलीकडे. दप्तर नाही, पायांत चपला नाहीत. मी मागून चालत राहिले. जवळ जायची छातीच होईना. आपलंच पोर, पण किती अंतरावर थांबलं की तिला त्रास होणार नाही, तेच मला आता ठाऊक नव्हतं. दहा हात ठेवले.

ओढ्याच्या मोरीवर ती न वळता म्हणाली, "मी उद्यापासून शेडवर येते."

"नाही."

"येते. शाळेत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. बाबा म्हणतात तेच बरोबर. तिथं सगळे सारखेच असतात. तिथं कोणाला काही वाटत नाही."

"मला वाटतं," मी म्हटलं.

ती थांबली.

"मला घाण वाटते," मी म्हटलं, आणि शब्द तोंडातून गेला तशी मी इकडेतिकडे बघितलं, नवरा ऐकतोय की काय म्हणून. "किळस येते मला. रोज. चौदा वर्षं झाली. सवय होते म्हणतात ना, डोंबलाची सवय! पहिला पक्षी उचलते तेव्हा रोज ओकारी दाबते. हाताला येतो तो वास जात नाही. मी जेवताना चमचा का घेते सगळ्या घरात मी एकटीच? तुला वाटलं असेल आई फार नाजूक. मला माझ्याच हातानं घास घ्यायची किळस येते गं. तू पाळण्यात होतीस तेव्हा तुला उचलायच्या आधी मी हातावर राख चोळायचे, आणि मग तू रडायचीस, कारण हात खरखरीत लागायचे."

ती वळली. डोळे सुजलेले, नाक लाल. "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तूही नाही बोललीस."

"मला वाटलं वास मलाच येतो. मला वाटलं मी वाईट आहे म्हणून येतो."

मी मटकन मोरीच्या कठड्यावर बसले, बूड भाजलं, उठले. ती हसली नाही, पण ओठ हलले. मी म्हटलं, "वाईटबिईट काही नाही. घाण आहे म्हणून घाण वाटते. तुझं नाक शाबूत आहे एवढंच. आणि म्हणूनच तू शेडवर यायचं नाहीस. माझ्यासारखी चौदा वर्षं हवा जड आहे म्हणत बसशील. माझी किळस येते तुला, येऊ दे. मला चालेल. शाळा सोडलेली चालणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलंय आई."

"ऐकलंय."

"सोमवारी सगळे बघतील."

"बघतील. लाज वाटायची तर त्यांना वाटू दे, ज्यांनी वाचून दाखवलं."

घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, सभा कशी झाली. मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, 'किळस'सुद्धा. त्यानं हातातला दोरा दातानं तोडला. मग म्हणाला, "मांजर जाडं कशानं झालं, कळलं." आणि उठून बाहेर गेला. शेडवर घ्यायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. तो बाहेर शेडच्या भिंतीशी किती वेळ उभा होता ते मी बघितलं, तिला सांगितलं नाही.

सोमवारी पहाटेपासून पक्ष्यांची मर पुन्हा चालू झाली होती. मी तिसरी बादली ओतत होते तर बारकी गणवेश घालून खड्ड्यापाशी आली. ती तिथं कधी येत नसे. चेहरा पांढरा पडला होता.

"आई, शाळेच्या फाटकापर्यंत येशील?"

"येते. थांब, अंघोळ करते, कपडे बदलते."

"नको," ती म्हणाली. "तशीच ये."

"वेडी आहेस का? अंगावर बघ काय काय उडालंय."

"तशीच ये म्हटलं ना. त्यांना कळू दे ना, वास म्हणजे काय ते."

मी तशीच गेले. गमबूट, डोक्याला फडकं, हाताला चुना. रस्त्यात शिंपीण दारात उभी होती, ती आत गेली. शाळेच्या मैदानात पोरं रांगेत उभी राहत होती, ती बघायला लागली. एकानं 'खुराडं' म्हटलं, हळू. मोठे सर पायरीवर होते. त्यांनी रुमाल काढला, मग माझ्याकडे बघून तो नाकापर्यंत न नेता नुसता हातात धरून ठेवला. फाटक आलं. मला वाटलं, आता ही एकटी आत पळेल. तर तिनं माझा हात धरला. चुन्याचा, पिसं चिकटलेला, जसा होता तसा. आणि मला ओढत मैदानातून वर्गाच्या रांगेपर्यंत घेऊन गेली.

रांगेत उभी राहिली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. गाल फुगलेले, डोळे मोठे, मान ताठ. फाटकापासून इथवर तिनं श्वास घेतलेला नव्हता.

"अगं, श्वास घे," मी म्हटलं.

"घेते," ती ओठ मिटल्या मिटल्या म्हणाली. "तू गेल्यावर."

पण घंटा होऊन रांग हलेपर्यंत तिनं हात सोडला नाही.